नव्या माशाची राखण

महामायाला बारा दिवसांच्या ट्रेनिंगसाठी नांदेडला जायची ऑर्डर आली, ती नेमकी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तिसऱ्या दिवशी. महामाया लातूरच्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स होती. ट्रेनिंग टाळण्यासारखं नव्हतं आणि आईला गावी धाडणंही शक्य नव्हतं. नागुबाईंचं गाव अहमदपूरच्या पलीकडं; मालक वारल्यापासून घरात त्या एकट्या. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध घालायचं होतं, वाकायचं नव्हतं, ओझं उचलायचं नव्हतं, चुलीपुढं बसायचं नव्हतं. शेवटी असं ठरलं की आई लातूरलाच राहील आणि डोळ्यात थेंब जावई घालेल.

ठरलं खरं, पण दोघंही मनातून बिचकले. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांत रविकांत आणि त्याच्या सासूबाई ‘जय भीम मामी, तब्येत बरी आहे ना’ आणि ‘बरी हाय, तुमची बरी हाय का’ याच्या पुढं गेले नव्हते. रविकांत मुळातच कमी बोलणारा. नागुबाई गावात सगळ्या आळीला पुरून उरायच्या, पण जावयासमोर आल्या की डोक्यावरचा पदर सारखा करत भिंतीकडं बघून बोलायच्या. जावयाच्या हातचं बसून खायचं आणि शिवाय मान मागं टाकून त्याच्यापुढं डोळा उघडा धरायचा, हे त्यांना ऑपरेशनपेक्षा अवघड वाटत होतं.

पहिल्या दिवशी रविकांतला नेम साधेना. एक थेंब गालावर गेला, दुसरा भुवईवर, तिसरा कसाबसा डोळ्यात पडला. नागुबाईंनी काळा चष्मा लावला.

रविकांत पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत कामाला होता. गावोगावच्या बोअरचं आणि विहिरींचं पाणी बाटल्यांतून यायचं. त्यात क्षार किती, नायट्रेट किती, पिण्याजोगं आहे की नाही, हे तो काढायचा. एकदा कामानिमित्त रत्नागिरीला गेला असताना तिथल्या एका साहेबांच्या घरी त्यानं समुद्राच्या पाण्यातल्या माशांची छोटी टाकी पाहिली होती, आणि तेव्हापासून ती त्याच्या डोक्यातून जात नव्हती. यंदा त्यानं हॉलमध्ये दोन फुटी काचेची टाकी मांडली. फिल्टरच्या पाण्यात खास मिठाची पुडी मोजून विरघळवून त्यानं समुद्र तयार केला. तो समुद्र नुसत्या दगडांसकट दीड महिना तसाच ठेवला. मग त्यात अंगठ्याएवढा एक निळाशार मासा सोडला. त्याला तीन महिने झाले होते आणि आता दुसरा यायचा होता.

लातूरसारख्या गावात चांगल्या गोड पाण्यात पैसे देऊन मीठ कालवायचं, हे नागुबाईंना अजिबात पटलं नव्हतं. पण जावयाला कोण सांगणार?

महामाया गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादच्या ट्रॅव्हल्सनं थर्मोकोलचा एक खोका आला. त्यात पाण्यानं भरलेली पिशवी आणि पिशवीत केशरी रंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा इवलासा मासा. रविकांतनं पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली. नंतर मासा एका स्वच्छ डब्यात घेतला आणि महामायाकडून मागून ठेवलेली सलाईनची कोरी नळी टाकीतून त्या डब्यात सोडली. चाकी फिरवून त्यानं धार अशी बारीक केली की टाकीतलं पाणी थेंब थेंब डब्यात पडू लागलं.

नागुबाई खुर्चीत बसून हे बघत होत्या. न राहवून त्यांनी भिंतीलाच विचारल्यासारखं विचारलं, की माशाला सलाईन कामून?

रविकांतनं सांगितलं की पिशवीतलं पाणी वेगळं आणि आपल्या टाकीतलं वेगळं, एकदम सोडला तर त्याला सोसणार नाही, हळूहळू सवय व्हायला पाहिजे. एवढं सलग बोलणं चार वर्षांत पहिल्यांदाच झालं होतं. नागुबाईंनी मान हलवली.

तासाभरानं त्यानं मासा जाळीनं उचलून टाकीत सोडला, टाकीचा दिवा बंद केला, दोन्ही बाजूंच्या काचांना वर्तमानपत्र लावलं आणि तो ऑफिसला गेला. केशरी मासा सरळ मागच्या कोपऱ्यात, पंपाच्या आड जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशीही तो तिथंच होता. तोंडाची सारखी उघडझाप चालू होती, कल्ले भराभरा हलत होते, पंख अंगाला चिकटवलेले. खाणं टाकलं की निळा पुढं येऊन सगळं फस्त करायचा आणि केशरी जागचा हलायचा नाही. रविकांतनं बाटल्या काढल्या आणि ऑफिसात करायचा तेच काम घरी सुरू केलं. अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. मीठ बरोबर, उष्णता बरोबर. तिसऱ्या दिवशी सकाळी परत सगळं तपासलं, सगळं परत बरोबर आलं. पाण्यात खोट नसताना मासा झुरतो कशानं, हे त्याला कळेना. हैदराबादच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, नवीन आहे, दोन-चार दिवस घाबरतो, दिवा कमी ठेवा.

नागुबाईंना मात्र कळलं होतं. जन्मात कधी रिकामं न बसलेल्या बाईला डॉक्टरांनी बसवून ठेवलं होतं. टीव्ही बघायचा नव्हता, ज्वारी निवडायची नव्हती, मग टाकीसमोरची खुर्ची तेवढी उरली होती. त्यात नव्या डोळ्याला रंग असे दिसत होते की चष्म्याच्या कडेवरूनसुद्धा निळा मासा जळत्या गॅससारखा लखलखायचा. दिवसभर त्या बघायच्या. रविकांत संध्याकाळी खुर्ची ओढून बसला की निळा खाण्याच्या आशेनं पुढच्या काचेशी येऊन नाचायचा, अगदी गरीब होऊन. रविकांत उठून गेला की तो पाठीमागं वळायचा. केशरी जरा कुठं पंपाआडून बाहेर आला की बाणासारखा जाऊन त्याच्या शेपटीला डसायचा. केशरीची शेपटी एका बाजूनं झिजली होती. पण जावयाच्या छंदात सासूनं तोंड घालायचं कसं? त्यांनी ते महामायाला फोनवर सांगितलं.

महामायानं तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याला फोन केला आणि आईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. आई तुमच्या हातभर अंतरावर बसली आहे आणि तुम्ही दोघं नांदेडमार्गे बोलताय, असंही म्हणाली.

रविकांत फोन ठेवून नागुबाईंपाशी येऊन बसला.

“मामी, तुम्ही बघितलं ते मला का नाही सांगितलं?”

“तुमी शिकलेले मानसं,” नागुबाई म्हणाल्या. “मला काय कळतंय पाण्यातलं.”

“पाण्यातलं मलाही कळलं नाही. मी नुसतं पाणीच तपासत बसलो. आता पुढं काय करायचं ते तुम्ही सांगा.”

 नागुबाईंनी सांगितलं, की त्यांच्या घरी आठ-दहा कोंबड्या असतात. बाजारातून नवी कोंबडी आणली की जुन्या तिला टोचून रक्तबंबाळ करतात. तेव्हा नवीला अंगणाच्या मधोमध डालग्याखाली, म्हणजे कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली, चार दिवस ठेवायचं. जुन्यांना ती दिसते, आवाज येतो, पण चोच पोचत नाही. चार दिवसांत तिचा नवेपणा जातो.

रविकांत तसाच उठून बाजारात गेला आणि भोकाभोकांची प्लास्टिकची एक टोपली घेऊन आला. साबण न लावता ती नुसत्या पाण्यानं चार वेळा धुतली, टाकीच्या काठाला दोरीनं बांधली आणि अर्धी पाण्यात बुडवून केशरीला तिच्यात ठेवलं. त्या रात्री दोघांनीही समाधानानं पिठलं-भाकरी खाल्ली. भाकरी गल्लीतल्या बसम्मांकडून विकत आणलेली होती, पिठलं रविकांतचं. मीठ जरा जास्त झालं होतं, तरी नागुबाईंनी दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास रविकांतचा फोन वाजला. नागुबाईंकडं बटणांचा साधा फोन होता. त्यात एकचं बटण दाबलं की महामायाला फोन लागायचा. रविकांतनं आदल्या दिवशी दोनवर स्वतःचा नंबर घालून दिला होता.

“जावईबापू, माझं चुकलं,” नागुबाई म्हणाल्या. “तुमी येता का घरी?”

तो अर्ध्या तासात पोचला. टोपलीला चारी बाजूंनी भोकं होती आणि केशरीला लपायला तिच्यात काहीच नव्हतं. निळा सकाळपासून टोपलीला धडका देत होता, आणि केशरी मध्यभागी गोल गोल फिरून फिरून आता तळाशी एका कुशीवर टेकला होता. नागुबाईंचा चेहरा उतरला होता. डालग्यात अंधार असतो, हे आपल्या ध्यानातच आलं नाही, आपल्या शहाणपणानं मुका जीव जायचा, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. रविकांतनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की टोपली त्यानं बांधली होती, त्यालाही सुचलं नव्हतं.

 मग नागुबाई म्हणाल्या, “एखादी कोंबडी लईच मारकी असली तर आमी नवीला न्हाई कोंडत. मारकीलाच कोंडतो. चार दिवस कोंडून भायेर काढली की तिची मिजास उतरून जाती.”

रविकांतनं त्यांच्याकडं पाहिलं. मग जाळी घेतली. केशरीला त्यानं अलगद बाहेर सोडलं. तो हळूच दगडांमागं गेला. निळा मात्र हाती लागेना. टाकी दोन फुटांची, पण तो प्रत्येक दगडाच्या फटीतून निसटायचा. नागुबाई खुर्चीतून सांगत होत्या, आता डावीकडं गेला, आता खालच्या भोकात शिरला. शेवटी रविकांतनं खाण्याचा एक दाणा टाकला आणि निळा हावरटासारखा वर आला तसा जाळीत सापडला. तो टोपलीत गेला तोवर दोन वाजत आले होते. रविकांत सासूबाईंच्या डोळ्यात दुपारचे थेंब घालून, बाह्या ओल्याच ठेवून ऑफिसला परत गेला. थेंब एका दमात डोळ्यात पडले, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

संध्याकाळपर्यंत केशरी दगडाबाहेर दोनदा येऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टाकीच्या मध्यापर्यंत आला, टोपलीकडं बघितलं आणि परत मागं गेला. कल्ल्यांची घाई कमी झाली होती. पण खाणं अजून नव्हतं, आणि आता पाच दिवस होत आले होते. दुकानदाराला पुन्हा फोन केला तेव्हा त्यानं सांगितलं की खाणं लसणाच्या रसात भिजवून बघा, वासानं काही मासे तोंड उघडतात.

लसणाचं नाव ऐकून नागुबाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. समुद्रातल्या जिवालाबी फोडणी लागती म्हणा की, असं म्हणून त्यांनी लसूण कसा ठेचायचा, रस कापडातून कसा पिळायचा हे खुर्चीतून सांगितलं. रविकांतनं एक पाकळी ठेचून रसाचे दोन थेंब काढले, त्यात बर्फातली बारीक कोळंबी भिजवली आणि चिमटीनं चार कण केशरीच्या पुढ्यात सोडले. पहिला कण खाली गेला. दुसरा त्यानं तोंडात घेऊन बाहेर टाकला. तिसऱ्याकडं तो बघत राहिला, आणि कण खाली जायच्या आत झटकन पुढं येऊन त्यानं तो गिळला. चौथाही गिळला. रविकांतनं नागुबाईंकडं पाहिलं तर त्यांनी पदर तोंडाला लावला होता. डोळ्यातून पाणी आलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. रविकांत म्हणाला, पुसू नका, आपोआप वाळेल.

त्याच्या पुढच्या दिवशी रविकांतला पाण्याचे नमुने आणायला निलंग्याकडच्या गावांत जावं लागलं. दुपारी दोनच्या आत परत येतो म्हणून गेला, पण जीप एका ठिकाणी अडकली. एक वाजता घरातली लाईट गेली. पंपाची गुरगुर थांबली तसं नागुबाईंनी चष्मा वर केला. नेहमी थरथरणारं पाणी आरशासारखं थांबलं होतं. अर्ध्या तासानं दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडायला लागले. त्यांनी दोनचं बटण दाबलं.

रविकांतनं सांगितलं की पाणी हललं नाही तर त्यात हवा मिसळत नाही. टाकीजवळ पांढरा मग आहे, त्याला साबण लागलेला नाही. त्यानं पाणी घ्यायचं आणि वीतभर उंचावरून परत टाकीत सोडायचं.

“पण मामी, वाकायचं नाही. दमलात तर सोडून द्या. मासे पुन्हा आणता येतात.”

“हाव, न्हाई वाकत,” नागुबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

टाकी टेबलावर होती आणि खुर्ची उंच, त्यामुळं वाकायची गरज पडली नाही. त्यांनी झाकण बाजूला केलं, पदर खोचला आणि मगानं पाणी घेऊन सोडायला लागल्या. घ्यायचं, सोडायचं. उजवा हात भरून आला की डावा. बाजूला टोपलीत निळा होता, त्याच्यावरही त्या मधूनमधून धार धरायच्या. मारका असला तरी तोही घरचाच होता. तासाभरानं केशरी खाली गेला आणि धार पडायची तिथं बुडबुड्यांच्या शेजारी येऊन थांबला. नागुबाई त्याच्याशी बोलायला लागल्या. गावात ज्वारी कशी आली, बोअरचं पाणी किती खाली गेलं, शेजारच्या पंचफुलाच्या सुनेला मुलगी झाली, असं जे सुचेल ते. हात चालू होता.

लाईट पावणेचारला आली. रविकांत सव्वाचारला धावत जिना चढला, तेव्हा पंप चालू होता आणि नागुबाई मग मांडीवर ठेवून बसल्या होत्या. टाकीकडं न बघताच त्यानं विचारलं, “मामी, डोळा दुखतोय का? दोनचं औषध राहिलं.”

“डोळा बरा हाय. तेवढं महामायाला नका सांगू,” नागुबाई म्हणाल्या. “आदी माशाकडं बगा.”

त्यानं आधी औषध घातलं. मगच टाकीकडं बघितलं. मासे धड होते. चहा केला, तेव्हा नागुबाईंना कप धरवेना, हाताला कापरं भरलं होतं. त्यानं चहा बशीत ओतून बशी त्यांच्या ओठांपाशी धरली. त्यांनी नको म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी रविकांतनं बॅटरीवर चालणारा छोटा पंप मागवला.

नवव्या दिवशी निळ्याला मोकळं करायचं ठरलं. सोडायच्या आधी रविकांतनं टाकीतले दगड हळूच हलवून त्यांची मांडणी बदलली. जुन्या फटी गेल्या, नव्या झाल्या, म्हणजे निळ्याला ‘हे माझं घर’ असं म्हणता येऊ नये. दोघं काचेसमोर बसले. निळा टोपलीतून बाहेर आला, सगळीकडं फिरला, ओळखीचं काही सापडेना म्हणून थोडा गोंधळला, आणि मग केशरीवर धावून गेला. केशरी पळाला नाही. तो आडवा झाला, पंख पसरले आणि जागेवरच उभा राहिला. निळ्यानं एक वळसा घातला आणि निघून गेला. संध्याकाळपर्यंत त्यानं आणखी चार-पाच वेळा तसंच केलं. शेपटीला डसला एकदाही नाही. दोन दिवसांनी निळ्यानं डावीकडचा मोठा दगड घेतला आणि केशरीनं पंपाजवळचा उजवा कोपरा, पण आता पंपाच्या पुढं.

महामाया बाराव्या दिवशी दुपारी परतली. दार उघडंच होतं. आत आई मोठमोठ्यानं सांगत होती की आज केशऱ्याला दोन घास जास्त द्या, आणि नवरा म्हणत होता की मामी, जास्त दिलं की पाणी खराब होतं, तुम्ही लाडावताय त्याला. महामाया दारात बॅग घेऊन उभी राहिली. तिच्याकडं बघायला दोघांना जरा वेळच लागला.

तपासणीत डॉक्टरांनी डोळा छान झाल्याचं आणि आता चुलीपुढं बसायला हरकत नसल्याचं सांगितलं. शनिवारी नागुबाई गावी निघाल्या. त्यांना अहमदपूरच्या एसटीत बसवून द्यायचं असं महामायानं ठरवलं होतं. रविकांत म्हणाला, मी गावापर्यंत जातो. महामायाची ड्यूटी होती, म्हणून लग्नानंतर पहिल्यांदाच तो एकटा सासुरवाडीला गेला.

घरी पोचल्यावर शेजारच्या पंचफुलाबाई डोळा बघायला आल्या. नागुबाईंनी डोळ्याचं दोन मिनिटांत आटपलं आणि माशाचं सुरू केलं. सलाईन, टोपली, लसूण, सगळं क्रमानं. पंचफुलाबाईंनी मधेच विचारलं की एवढी मेहनत करून ते मासे कधी खायचे. नागुबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

लाईट गेली त्या दिवसाचं सांगताना नागुबाई म्हणाल्या, की घंटाभर पाणी ओतलं असंल.

“तास नाही,” रविकांत ओसरीवरून म्हणाला. “दोन तासांच्या वर. आणि मी वाकू नका म्हणून सांगितलं होतं.”

“वाकले का मी? खरं सांगा, वाकले का?”

“वाकला नाहीत.”

त्याला पाचच्या गाडीनं परत निघायचं होतं. नागुबाईंनी भाकरी थापायला घेतल्या, आणि तो सातच्या गाडीनं निघाला.